मथुआत्याचं कडवं

"अरे मेल्यांनो, ते नालाचे बूट आधी बाहेर काढा. आत्ता फरशी पुसलीय मी. माझ्या घरात टापा आपटत यायचं काम नाही. पाय धुवा, गुमान बसा, आणि जेवल्याशिवाय एक जरी उठलात ना, तर माझ्याशी गाठ आहे."

सत्तावन्न वर्षं झाली, पण हा आवाज वासुदेवरावांच्या कानात अजून जसाच्या तसा होता. बाकी कान आता गेलेच होते. डावा पार गेलेला, उजव्यात यंत्र. दाराची बेल ऐकू यायची नाही, टीव्ही शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढा लागायचा. हा आवाज मात्र यंत्राशिवाय ऐकू यायचा. वीस वर्षांच्या मुलीचा, त्यांच्या बायकोचा, मनोरमाबाईंचा आवाज. लग्न होऊन तीन महिने झालेले, जर्मनीत र्युसेल्सहाइमला येऊन सहा आठवडे, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दारात ती हातात ओलं फडकं घेऊन अशी उभी, की जणू तिथून पुढे तिचं राज्य सुरू होत होतं.

समोर जिन्यात पाच जर्मन उभे होते. सन अडुसष्टचा ईस्टर. युद्ध नको, बॉम्ब नको म्हणत ही मंडळी तीन दिवस पावसापाण्यात चालून आली होती. त्यांच्यातला डीटर हा मोटारींच्या कारखान्यात वासुदेवरावांच्या शेजारच्या ड्रॉइंग बोर्डावर काम करायचा. त्याला भिजलेला पाहून वासुदेवराव पटकन बोलून गेले, की चला घरी, गरम काहीतरी खा. घरी फोन नव्हता, त्यामुळे हे घरी कुणाला ठाऊक नव्हतं. आणि शांततेसाठी चाललेल्या त्या पाचही जणांच्या पायांत जुन्या बाजारातून घेतलेले लष्करी बूट होते, कारण तीन दिवस टिकतील असे तेवढेच.

पाचही जण पुतळ्यासारखे थांबले. डीटरनं हळूच विचारलं, बाई काय म्हणतायत?

वासुदेवराव तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. कारखान्यातला एकुलता एक भारतीय म्हणून ते देशाची अब्रू स्वतःच्या कोटाच्या खिशात घेऊन हिंडायचे. बायको तुम्हाला मेल्यांनो म्हणतेय, हे त्यांच्या तोंडून निघेना. ते म्हणाले, "ही आमच्याकडची जुनी ओवी आहे. जात्यावरची. माझी मथुआत्या म्हणायची. दारात पाहुणा आला की म्हणतात."

आणि मग त्यांनी भाषांतर केलं. खरं सांगायचं तर त्यांनी फारसं काही बदललं नाही. मेल्यांनो तेवढं गाळलं आणि आवाज खाली आणला. लोखंडी बूट दाराबाहेर ठेवा. जमीन नुकतीच धुतली आहे. या घरात कुणी कवायत करत येत नाही. पाय धुवा, बसा, उपाशी कुणी जायचं नाही.

जिन्यात इतकी शांतता पसरली, की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायचं थांबलं. पाच जणांनी पायऱ्यांवर बसून बूट काढले. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं. मनोरमाबाईंना वाटलं, पोरगी गारठलीय. त्यांनी तिला सगळ्यांआधी वरण वाढलं.

आता त्या गाण्याबद्दल सांगायला हवं. इंग्लंडातल्या कुठल्याशा किनाऱ्यावरच्या गावात एका शाळामास्तरणीनं त्रेसष्ट साली ते बांधलं. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'दार नुसतं लोटलंय'. लढाईवर गेलेल्या मुलाची आई रात्री दाराला कडी घालत नाही. पहिल्या कडव्यात ती रस्त्यावरची पावलं मोजते. दुसऱ्या कडव्यात पावलं दारापाशी थांबतात. बस. गाणं तिथंच संपायचं. आलेला कोण, आपला की परका, याचा पत्ताच नाही. डीटर हे गाणं गिटारवर वाजवायचा आणि दर वेळी कुरकुरायचा, की हे गाणं उंबरठ्यावर अडकलंय, त्याला कुणीतरी आत घ्यायला हवं.

त्या दुपारी चार वाट्या वरण खाऊन तो नुसत्या मोज्यांनिशी बसला, गिटार मांडीवर घेतली, आणि मथुआत्याची ओवी त्या चालीत अशी चपखल बसली, की जशी काही मापं घेऊनच शिवली होती. ते तिसरं कडवं.

पुढचं डीटरनं केलं. तो हानोव्हरला गेला, तिथं एका गायिकेनं गाण्याची तबकडी काढली. डच लोकांनी उचललं, जपान्यांनी उचललं. इंग्रजांनी आपलंच गाणं जर्मनमधून परत इंग्रजीत नेलं. ऐंशीच्या दशकात त्यावर डिस्को झाला. बव्हेरियातल्या एका अग्निशमन दलाच्या बँडनं ते पितळी तुताऱ्यांवर वाजवलं. केस मोकळे सोडून किंचाळणाऱ्या फिनलंडच्या मंडळींनी ते किंचाळून म्हटलं, आणि गंमत म्हणजे त्यात मूळचा सूर जरासा परत आला. नात सिया किंडरगार्टनमध्ये गेली, तर तिथं पोरांना बाहेरचे बूट काढून घरातले जोडे घालायला लावताना बाई हेच कडवं म्हणायच्या. तबकड्यांवर खाली लिहिलेलं असायचं: तिसरं कडवं, भारतीय लोकगीत.

एवढ्यावर थांबलं असतं तरी वासुदेवरावांना काही म्हणायचं नव्हतं. एक खोटं सुटलं, जगात गेलं, नाव काढलं, सुखात आहे. पण मनोरमाबाई जर्मन शिकल्या.

दोन-तीन वर्षांत त्या भाजीवाल्याशी जर्मनमध्ये भांडू लागल्या, आणि मग एके दिवशी हानोव्हरहून आलेल्या डीटरनं त्यांना सगळं गाणं म्हणून दाखवलं आणि हे तुमच्या मथुआत्यांचं म्हणून सांगितलं. त्या घरी आल्या त्या हरखून. अहो, मला कधी बोलला नाहीत, म्हणाल्या. वासुदेवराव तेव्हा दाढी करत होते. त्यांनी आरशात पाहून हं म्हटलं. आपलेच शब्द बाईंनी ओळखले नाहीत, आणि का ओळखावेत? त्या दिवशी आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. असं त्या रोजच कुणाला तरी बोलायच्या.

मथुआत्या लग्नाआधीच वारलेली, त्यामुळे बाईंनी तिला पाहिलं नव्हतं. त्यांनी पुढच्या भारतवारीत दिरांकडून तिचा फोटो मागून आणला, मोठा करून घेतला आणि दिवाणखान्यात लावला. तेव्हापासून दर गुरुवारी त्याला हार. फोटोतली मथुआत्या अशी बघायची, की तिच्याकडे कुणी पाण्याचा पेला मागितलाय. आणि खरोखर तिनं उभ्या जन्मात कुणाला पाणी विचारलेलं वासुदेवरावांना आठवत नव्हतं.

मग बाई गावच्या गायकमंडळात जाऊ लागल्या. जर्मन बायकांच्या मध्ये नऊवारी नेसून दुसऱ्या रांगेत. दरवर्षी ईस्टरला हे गाणं व्हायचं आणि तिसऱ्या कडव्याला मनोरमाबाईंचे डोळे भरून यायचे. घरी आल्यावर त्या ठरलेलं वाक्य बोलायच्या, "काय मन असेल हो त्या बाईचं. दारात आलेल्या शिपायाला जेवू घालते. नाहीतर मी. माझं आपलं सारखं तोंड सुटलेलं." सूनबाईंशी काही वाजलं की म्हणायच्या, मथुआत्या असत्या तर असं बोलल्या नसत्या. गेल्या वर्षी तर एकदा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नेत असताना, गाडीत अगदी शांतपणे म्हणाल्या, की तुमच्या घराण्यात तशी बाई होऊन गेली, तुम्हाला माझ्यासारखी मिळाली, तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत हा तुमचा मोठेपणा.

त्या दिवशी वासुदेवरावांनी दोनदा चुकीची एक्झिट घेतली.

सांगायचं तर होतंच. दर ईस्टरला ते ठरवायचे, या वर्षी सांगू. पण पाच वर्षांनी सांगायला एक कारण लागतं आणि पन्नास वर्षांनी सांगायला पन्नास. तेवढी कारणं त्यांच्याकडे नव्हती.

आणि मग या मार्चमध्ये देवश्री आली.

देवश्री हायडेलबर्गला या एकाच गाण्यावर पीएचडी करत होती. मुलगी मूळची नाशिकची, हुशार, आणि विलक्षण चिकाटीची. तिनं गाण्याची एकशे त्रेचाळीस रेकॉर्डिंग्ज गोळा केली होती, आणि कुठलं कुठून आलं याचा माग काढत काढत ती या तिसऱ्या मजल्यावर येऊन पोचली होती. आल्याआल्या तिनं आजी म्हणून नमस्कार केला. मनोरमाबाईंनी तिला सांगितलं, काकू म्हण, आजी म्हणालीस तर चहा मिळणार नाही.

चहाबरोबर तिनं आपल्या प्रबंधाचं चौथं प्रकरण समजावलं. आल्झो, म्हणजे बघा, काका, बूट म्हणजे अर्थातच सैनिकी सत्ता. दाराबाहेर ठेवणं म्हणजे सत्तेचा त्याग. पण सगळ्यात महत्त्वाची ती ओली जमीन. ती कशानं ओली आहे? युद्धात मुलं गमावलेल्या आयांच्या अश्रूंनी. जगात यावर तीन लेख आलेत.

वासुदेवरावांना चिवड्याचा ठसका लागला. मनोरमाबाईंनी त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि देवश्रीला म्हणाल्या, बघ, अजून भरून येतं त्यांना.

देवश्रीला एकच गोष्ट हवी होती. मूळ ओवी, मराठीत. जगात कुठेही ती नोंदलेली नाही, म्हणाली. दोन आठवड्यांनी ती रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन येईल, काका शब्द सांगतील, काकू म्हणतील, आणि मथुआत्यांचं पूर्ण नाव कायमचं गाण्याखाली लागेल. मनोरमाबाईंनी हात जोडले ते फोटोकडे पाहून. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, की खरंच हो, इतकी वर्षं मराठीत कधी म्हणूनच दाखवली नाहीत. वासुदेवराव म्हणाले, विसरायला झालंय. आठवून सांगतो.

आठवायला काही असतं तर.

पुढचे आठ दिवस त्यांनी ओवी रचली. गाड्यांचे सस्पेन्शन चाळीस वर्षं आखलेला माणूस, त्यांना वाटलं हेही मापातच बसवायचं आहे. घरात लिहिलं तर सापडेल म्हणून ते कधी तळघरातल्या स्टोअरमध्ये, कधी एस-बानच्या लोकल गाडीनं उगीचच एश्बॉर्नपर्यंत जाऊन येऊन लिहायचे. आठव्या दिवशी त्यांनी सकाळच्या पोह्यांच्या वेळी घसा साफ केला आणि आठवलं असं म्हणून वाचून दाखवलं:

बूट काढा बाहेर, फरशी पुसली आहे
माझ्या घरात कोणी, परेड करू नये

मनोरमाबाईंनी चमचा खाली ठेवला.

"ही ओवी आहे की हाउसऑर्डनुंग?"

हाउसऑर्डनुंग म्हणजे इमारतीच्या नियमांची ती पाटी. जिन्यात सायकल ठेवू नये, रविवारी ठोकाठोकी करू नये. वासुदेवराव पोह्यातला दाणा शोधू लागले.

बाईंनी मग रीतसर तपासणी सुरू केली. त्यांच्या आईला आणि मावशीला शेकड्यानं ओव्या यायच्या, त्या ऐकून त्या वाढलेल्या. मथुआत्यांचा जन्म कधीचा? अकरा सालचा. मग त्यांच्या गावात बूट कुणाच्या पायात होते हो, फौजदाराच्या? वहाणा म्हणाल्या असतील. आणि फरशी कुठली? जमीन सारवलेली असणार. परेड हा शब्द जात्यावर दळून बघा, खुट्टा निखळेल. तुम्हाला अर्थ आठवतोय, शब्द गेलेत. होतं असं वयाला. थांबा, मी काढते आठवून.

"अगं, तुला कसं आठवेल? तू तिला पाहिलंही नाहीस."

"बाईमाणूस कसं बोलेल ते मला कळतं," त्या म्हणाल्या.

आणि पोळ्या लाटता लाटता त्या गुणगुणू लागल्या. लाटणं पुढे गेलं की अर्धी ओळ, मागे आलं की उरलेली. तीन पोळ्या होईस्तोवर दोन ओळी झाल्या. पाचव्या पोळीला बाकीच्या दोन. वासुदेवराव दारात उभे राहून ऐकत होते. यंत्र कानातून काढून पुसून परत घालत होते. बाई स्वतःशीच मान हलवत होत्या, हां, हेच, असंच म्हटलं असणार त्यांनी.

आपण एकदा या बाईचे शब्द उचलून मेलेल्या आत्याच्या पदरात टाकले. आता ती दुसऱ्यांदा, आनंदानं, स्वतःच्या हातानं टाकत होती.  वासुदेवरावांनी जाऊन पाचवी पोळी करपण्याआधी उलटली.

देवश्री ठरल्या दिवशी दुपारी आली. टेबलावर तिनं छोटंसं यंत्र ठेवलं, लाल दिवा लागला. मनोरमाबाईंनी सोनेरी काठाचं नेसलं होतं. फोटोला ताजा हार घातला होता आणि गुरुवारही नव्हता. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या, डोळे मिटले आणि त्यांनी सत्त्याहत्तर वर्षांच्या, जरा चिरलेल्या, पण सुराला पक्क्या आवाजात सुरू केलं:

दारी काढा रे वहाणा, ओली माझी सारवण
पाय धुवा, बसा पानी, माझ्या घरी नाही रण
आल्या घरातून कोणी, उपाशी नाही जायाचं
कुणाचं का असंना गं, लेकरू ते माउलीचं

 देवश्री डोळे पुसून म्हणाली, की शेवटची ओळ कुठल्याच भाषेत नाहीये. साठ वर्षांत कुणाला मिळाली नाही. मनोरमाबाई संकोचून म्हणाल्या, अगं, ती त्यांचीच. मी आपली सांगकामी.

देवश्रीनं यंत्र वासुदेवरावांपुढे सरकवलं. "काका, नोंदीसाठी. रचणाऱ्या बाईंचं पूर्ण नाव सांगा."

वासुदेवराव लाल दिव्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मनोरमा वासुदेव खरवंडीकर."

हे नाव त्यांनी परदेशी लोकांची नोंद करणाऱ्या कचेरीची खिडकी सोडली तर कुठे मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. मनोरमाबाई आधी लाजल्या आणि मग देवश्रीकडे झुकून हलक्या आवाजात म्हणाल्या, "चौऱ्याऐंशीवं चालू आहे. नावं इकडची तिकडे होतात." आणि नवऱ्याला मोठ्यानं, उजव्या कानात, "अहो, मथुरा. मथुरा म्हणा."

"मथुरा नाही. मथुआत्यानं काही म्हटलेलं नाही."

मग त्यांनी सांगितलं. जिन्यातले पाच जण, फडकं, मेल्यांनो, सगळं. त्यांना ते पाठ होतं, शब्दन् शब्द, आणि म्हणताना आवाज इतका हुबेहूब निघाला, की देवश्रीनं नकळत पाय खुर्चीखाली घेतले. मनोरमाबाई ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग हळूहळू, एखादी हरवलेली वस्तू भलत्याच कपाटात सापडावी तसं काहीतरी आलं.

"म्हणजे ते बूटवाले," त्या म्हणाल्या. "ती रडणारी पोरगी. मला वाटलं, गारठलीय."

"नाही. तुझं ऐकून रडली."

"आणि मी कोरसमध्ये चौतीस वर्षं रडतेय ती स्वतःच्याच शिव्यांवर?"

"गेनाऊ," वासुदेवराव म्हणाले. 'अगदी बरोबर' म्हणायचं होतं, पण घाबरले की त्यांच्या तोंडून जर्मन निघायचं.

देवश्रीनं पेन हातात घेतलं होतं, ते खाली ठेवलं. चौथ्या प्रकरणाची तिला काळजी वाटत असावी. तिनं चाचरत विचारलं, की काकू, मग ती ओली जमीन, म्हणजे ते अश्रू...

"साबणाचं पाणी," मनोरमाबाई म्हणाल्या. "फिनेल मिळायचं नाही तेव्हा."

त्या उठल्या. फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मथुआत्या नेहमीसारखीच बघत होती. बाईंनी हार काढला नाही. नुसता सरळ केला आणि म्हणाल्या, की तुमचा काही दोष नाही, तुम्हाला कुणी विचारलंच नव्हतं. मग परत येऊन नवऱ्याच्या समोर बसल्या. देवश्री यंत्र बंद करू लागली, तर त्यांनी हातानंच राहू दे अशी खूण केली.

"सत्तावन्न वर्षं मी स्वतःला त्या बाईच्या शेजारी उभं करून बघतेय," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून वासुदेवरावांना जास्त भीती वाटली. "कमी भरतेय म्हणून. आता एवढंच सांगा. त्या दिवशी सरळ का नाही सांगितलंत? बायको चिडलीय, बूट काढा. एवढं तर होतं."

या प्रश्नाचं उत्तर त्यांनी बरंच आधी तयार करून ठेवलं होतं. घाई होती, जर्मन कच्चं होतं, पाहुण्यांना वाईट वाटलं असतं. तिन्ही त्यांच्या जिभेवर आली. बाई बघत होत्या. वासुदेवरावांनी कानातलं यंत्र काढलं, कारण आता त्यांना काही ऐकायचं नव्हतं, फक्त बोलायचं होतं.

"मला तुझी लाज वाटली होती," ते म्हणाले. "ते जेवले, आणि तुझे शब्द गायला लागले, तेव्हा माझी वाटली. ती अजून जात नाही."